विषय: जळालेल्या डोंगराखालच्या गावांचं पिण्याचं पाणी

प्रेषक: गाव-सहयोग गट, मंडळ कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

गडचिरोली-गोंदिया भागातल्या जंगलालगतच्या ज्या गावांना आपण पाण्यासाठी मदत पाठवतो, त्यांपैकी दोन गावांच्या वरचं जंगल यंदा तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी जळलं. एका गावात सौर पंपाच्या टाकीपासून नळांपर्यंत जाणारी काळी पाइप दोन ठिकाणी वितळली आहे. दुसऱ्या गावात पाइपलाइन शाबूत आहे, पण विहिरीत राख आणि जळकी पानं पडली आहेत.

आपल्याकडे दोन सूचना आल्या. एक, घरटी आरओ मशीन द्यावं. दुसरी, जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगीनंतर लॉस एंजेलिस भागात ‘हे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका’ अशी नोटीस निघाली होती, तीच मराठीत करून ग्रामपंचायतीला द्यावी. पैसे पाठवण्याआधी जाणकारांनी लिहावं ही विनंती. पाऊस तोंडावर आला आहे.

*

प्रेषक: सॅक्रामेंटोहून, पाणी तपासणीतल्या सदस्य

नमस्कार,

ती नोटीस तशीच्या तशी पाठवू नका. ती चुकीची नाही, पण ती निघाली वेगळ्या पाण्यासाठी. दुसऱ्या गावात ती लावली तर लोक उकळणं थांबवतील, आणि तिथे नेमकं उकळणंच कामाचं आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ‘टब्स’ नावाच्या आगीनंतर सँटा रोझाच्या फाउंटनग्रोव्ह भागात नळाच्या पाण्यात बेंझिन हे कर्करोग करणारं रसायन सापडलं. सगळ्यात वाईट नमुना ४०,००० पीपीबीचा (पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक) होता. पुढच्या वर्षी ‘कॅम्प’ नावाच्या आगीनंतर पॅरडाइज गावात २,००० पीपीबीच्या वरचे नमुने निघाले. अमेरिकेची केंद्रीय मर्यादा ५ पीपीबी आहे, कॅलिफोर्नियाची १. हे बेंझिन धरणातून किंवा विहिरीतून आलेलं नव्हतं, ते पाइपांच्या जाळ्यातच तयार झालं आणि तिथेच मुरलं. शेकडो घरं जळाली की त्यांच्या जोडण्या उघड्या पडून पाणी भळाभळा वाहून जातं. वरून अग्निशमनाचा उपसा चालूच असतो, त्यामुळे टाक्या रिकाम्या होतात आणि दाब पडतो. मग रिकाम्या पाइपा जळक्या टोकांतून गरम धूर आत ओढतात. शिवाय तापलेलं प्लॅस्टिक स्वतःही बेंझिन, स्टायरीन वगैरे सोडतं. ही रसायनं एचडीपीई, म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या, पाइपेच्या भिंतीत शिरतात आणि पुढे महिनोन् महिने थोडीथोडी पाण्यात उतरत राहतात. म्हणूनच तास-दोन तास नळ सोडून घेतलेला नमुना स्वच्छ येतो, आणि तीन दिवस पाणी पाइपेत साचू दिलं की तोच नळ नापास होतो. पॅरडाइजनंतर ७२ तास पाणी थांबवून नमुना घ्यायची पद्धत रुळली ती यामुळे.

उकळायचं नाही याचं कारण साधं आहे. बेंझिन उडून जातं ते स्वयंपाकघराच्या हवेत, आणि चुलीशी बसलेली बाई ते श्वासातून घेते. धुराने भरलेल्या, खिडकी नसलेल्या घरात तर हे अजिबात नको.

तेव्हा गावाला दोनच प्रश्न विचारा. पाण्याच्या वाटेतलं प्लॅस्टिक तापलं किंवा जळलं का? त्या वेळी पाइप रिकामी होती का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर बेंझिनची चिंता सोडा आणि जंतूंच्या मागे लागा. पहिल्या गावात मात्र पाइप वितळली आहे, तिथे त्या पाइपेचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद. वास येत नाही म्हणून बरं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नाकाला कळेल इतकं बेंझिन म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पट झालेलं असतं.

नमुना मिनरल वॉटरच्या बाटलीत घेऊन चालत नाही. लॅबकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागवाव्या, झाकणाला आतून टेफ्लॉन असलेल्या. आत अगोदर औषध घातलेलं असतं, म्हणून कुपी विसळायची नाही. पाणी धार बारीक करून कडेने सोडायचं, काठावर फुगीर दिसेपर्यंत भरायचं, झाकण लावून उलटी करून बघायचं. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी तो नमुना गेला, दुसरी कुपी भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून नागपूरला पाठवा. तिथे नीरी ही सरकारी पर्यावरण संशोधन संस्था आहे, एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या खासगी लॅबही आहेत. ‘व्हीओसी’ (बेंझिनसारखी उडून जाणारी रसायनं) तपासणी होते का हे आधी फोनवर विचारून घ्यावं. गावातलं फील्ड टेस्ट किट बेंझिन दाखवत नाही.

*

प्रेषक: ब्रह्मपुरीहून, ग्रामीण पाणीपुरवठ्यात हयात गेलेले सदस्य

ताई, नमस्कार. तुमचं पत्र मंडळाने जपून ठेवावं असं आहे. इकडची परिस्थिती काय, ते मी जोडतो.

आपल्याकडे वणवा पाण्याने विझवत नाहीत. डहाळ्यांनी झोडपून, जाळरेषा काढून आणि ब्लोअरने पाला उडवून आग तोडतात. त्यामुळे हायड्रंटच्या उपशाने दाब पडण्याचा प्रश्नच इथे नाही. पण उलट अडचण अशी, की इथली पाइप बहुतेक वेळ रिकामीच असते. टाकी दिवसातून एकदा सुटते, तासाभरात संपते, आणि बंद होताना प्रत्येक नळ हवा ओढतो. आग अशा वेळी आली तर धूर आत जायला कुणाचं आमंत्रण लागत नाही.

इकडची आग बहुतेक जमिनीवरून चालते. सागाचा, मोहाचा, तेंदूचा पाला जळतो, झाडांचे शेंडे क्वचितच. मोहफुलं वेचायला जागा साफ करण्यासाठी किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग पुढे पसरते. मीटरभर खोल पुरलेल्या पाइपेला तिची झळ लागत नाही. जिथे मुरमाड, खडकाळ जागेत चर खोदायचा कंटाळा करून पाइप उघड्यावरून नेली आहे, तिथे ती जाते. दुसरी कमजोर जागा म्हणजे नळाचा खांब. पाइप जमिनीतून वर येते, तिच्या बुडाशी पाला साचतो, शेजारी कुणी पऱ्हाटी नाहीतर तुराट्या रचून ठेवलेल्या असतात. आग तिथे पोचली की हातभर पाइप मेणासारखी खाली बसते. पुन्हा जोडताना जमिनीवरचा भाग जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचाच करा आणि भोवताली तीन मीटर जागा झाडून ठेवा.

पहिल्या गावासाठी क्रम सांगतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह आजच बंद करा. वितळलेला भाग फक्त कापून सांधू नका. दोन्ही बाजूंना चकचकीतपणा गेलेला, फुगलेला, वाकलेला जेवढा भाग दिसतो तो सगळा, आणि त्यापुढे पुढच्या जॉइंटपर्यंत पाइप काढून टाका. ६३ मिमीपर्यंत कॉम्प्रेशन कपलरने काम होतं, वेल्डिंग मशीन आणि जनरेटर लागत नाही. टोक काटकोनात कापा, कडा चाकूने साफ करा, रबर रिंग बसली की नाही ते हाताने बघा. इथे घाई केली की सांधा रात्री गळतो आणि दिवसा चिखल ओढतो. टाकीचं प्लॅस्टिक एका बाजूने नरम किंवा चिघळलेलं दिसलं तर टाकीही बदला. पाच हजार लिटरची टाकी वाचवायला जाऊ नका. नवी लाइन झाल्यावर तीन दिवस भरून बंद ठेवा आणि ताईंनी सांगितला तसा नमुना घ्या.

तोवर लोक काय पितील? सौर दुहेरी पंपाच्या बोअरवर बहुतेक ठिकाणी हातपंपही असतो. तो लोखंडी आहे, त्याचे आतले पाइप जीआयचे आहेत, वणव्याने त्याचं काही बिघडत नाही. ओटा तडकला आहे का आणि सांडपाणी तिथेच मुरतं का, एवढं बघा. एक सावधगिरी मात्र बाळगा. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया भागातले काही हातपंप फ्लोराइडमुळे ‘पिण्यास अयोग्य’ म्हणून रंगवून ठेवलेले आहेत. दुसरं काहीच नसेल तर महिनाभर चालवा. फ्लोराइड वर्षानुवर्षं प्यालं की हाडं धरतं, हगवण मात्र दोन दिवसांत लेकरू नेते. फक्त ‘तात्पुरता’ चालू केलेला पंप दोन वर्षं चालू राहू नये, म्हणून बंद करायची तारीख ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.

आरओचं म्हणाल तर नको. वीज नाही, निम्म्याहून जास्त पाणी वाया, आणि मेम्ब्रेन बदलायला माणूस शहरातून यायचा. शिवाय बेंझिनवर त्याचा भरवसा नाही.

*

प्रेषक: गाव-सहयोग गट

काका, ताई, दोघांचे आभार. आरओचा विषय मागे घेत आहोत. दुसऱ्या गावातल्या विहिरीचं काय करावं? ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, तरी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणारी चाचणी) पिवळा रंग येत नाही म्हणतात.

*

प्रेषक: ब्रह्मपुरीहून

येणारच नाही. राखेचं पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. राख अल्कधर्मी असते, पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीनचा जोर निम्म्याहूनही कमी होतो, आणि जळक्या पानांतला सेंद्रिय भाग उरलंसुरलं संपवतो. त्यात पावडर जुनी असेल तर विचारूच नका. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत उघडं पोतं ठेवलं की ताज्या ३३ टक्क्यांची पावडर २० च्या खाली येते. तशी पावडर वापरू नये. पोत्यावरची तारीख आधी बघायला सांगा.

विहीर अशी साफ करा. जाळीने पानं काढा, पंपाने पाणी पूर्ण उपसा आणि उपसलेलं पाणी उताराच्या खालच्या बाजूला दूर सोडा. तळातला काळा गाळ हाताने काढावा लागतो. आत उतरणाऱ्याला दोर बांधा, आणि पेटता कंदील आत सोडून तो विझत नाही ना ते आधी बघा. डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवू नका, धुराने माणूस जातो. नवं पाणी भरलं की मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण १४,१३० लिटर. पहिल्यांदा जोरदार मात्रा द्या, ३० टक्क्यांची पावडर २ किलो ३५० ग्रॅम. बारा तास कुणी पाणी भरायचं नाही, अशी मुनादी द्या. मग ते पाणी उपसून टाका. त्यानंतर रोजची मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, वरची निवळ घ्या, चुन्याचा गाळ ओतू नका. तासाभराने शेवटच्या घरातल्या गुंडातलं पाणी तपासा. विहिरीपाशी तपासून जलसुरक्षकाचं समाधान होतं, पण माणसं पितात ते घरातलं पाणी. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलं पाहिजे.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग क्लोरीन. वीस लिटरच्या बादलीला अर्धा ते एक ग्रॅम, नीट ढवळून तास-दोन तास ठेवा, वरचं पाणी चारपदरी फडक्यातून गाळा. काही घरी निवळीच्या बिया घासतात. त्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यानंतर क्लोरीन नसेल तर खळखळून उकळलंच पाहिजे. विहिरीत नायट्रेट जास्त असेल, लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर, तर तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नये. उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, उलट दाट होतं.

एक गोष्ट आवर्जून चौकशी करा. विहिरीजवळ शेतातली खोली जळाली का, आणि तिच्यात फवारणीचं औषध होतं का? असेल तर वरचं काहीच लागू नाही. ना उकळून, ना टीसीएलने. विहिरीवर काटे टाका आणि नमुना कीटकनाशकासाठी पाठवा.

*

प्रेषक: सॅक्रामेंटोहून

काकांच्या पत्राला एक पुरवणी. खरी राख अजून डोंगरावरच आहे. कोलोरॅडोत १९९६ च्या बफेलो क्रीक आणि २००२ च्या हेमन आगीनंतर डेन्व्हरच्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज जलाशयात गाळ आला तो पुढच्या पावसांनी. तिथली आग झाडांच्या शेंड्यांची होती, आपल्या गावांकडे राखेचा थर पातळ असेल. पण वणवा आणि मोसमी पाऊस यांत गावांकडे महिना-दोन महिन्यांचंच अंतर, मध्ये गवतही उगवत नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस नाल्यातून काळं पाणी आणणार हे धरून चला.

*

प्रेषक: ब्रह्मपुरीहून

बरोबर. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याआधी विहिरीला उंच कठडा, वर जाळी, आणि डोंगराच्या बाजूने पाणी वळवणारा चर एवढं झालंच पाहिजे. नाल्यात झिरे खणून पाणी भरणाऱ्या टोल्यांना (वाड्यांना) आठवडाभर टँकर लागेल, त्याची मागणी तहसीलला आजच द्यावी. बोडी (लहान तळं) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी जनावरांना चालेल, पण हिरवा तवंग दिसला की तेही बंद. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारीत कॉलरा झाला तो उघड्या विहिरीच्या पाण्यातून. तिथे वणव्याचा संबंध नव्हता, पण दिवस तेच होते, पावसाचे पहिले.

मंडळाने पैसे यावर लावावेत: २५ किलोची टीसीएलची ताजी, सीलबंद बॅग, झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रमात ठेवायला, १० किलो तुरटी, ओटीच्या बाटल्या, पाइप, कपलर आणि जीआयचे तुकडे, आणि व्हीओसीच्या दोन नमुन्यांची फी. कठड्याच्या विटा गावातच मिळतात, मजुरी रोजगार हमीतून निघते का ते मी ग्रामपंचायतीत सोमवारी विचारतो.