ओमान ८ दिवस, आईबाबा आणि १० वर्षांची लेक सोबत. सलालाह बसवावं का?

मेघना_नाशिक:

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी ओमानला जायचं जवळजवळ ठरलंय. मी, नवरा, लेक (वय १०) आणि माझे आईबाबा. बाबा ७१, एकदम ठणठणीत. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढते पण सावकाश. शनिवारी सकाळी मस्कतला उतरतोय आणि पुढच्या शनिवारी रात्री परतीचं विमान.

दुबई आमची झालीये आणि आईला ती अजिबात भावली नाही, एवढ्या लांब येऊन एसीतच फिरलो असं म्हणत होती, म्हणून या वेळी समुद्र, वाळवंट, डोंगर सगळं एकाच देशात बघायचं म्हणून ओमान. नवऱ्याने प्लॅन केलाय तो असा की मस्कत एक रात्र, सूर (समुद्राकाठचं शहर) एक, वाळवंट एक, निझवा (डोंगराजवळचं जुनं शहर) एक, जबल शम्स (जबल म्हणजे डोंगर) एक आणि मग विमानाने पार दक्षिणेकडच्या सलालाहला दोन रात्री. मला कागदावर बघूनच दमायला झालंय, पण तो म्हणतो परत परत कुठे जाणं होणारे.

तर सलालाह ठेवावं की काढावं? आणि पूर्ण आठवडा फोर बाय फोर घ्यावीच लागते का, कारण साध्या गाडीच्या जवळपास दुप्पट भाडं सांगतायत. नवऱ्याने उजव्या बाजूने गाडी कधी चालवलेली नाही. आईबाबा पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रुवीकर:

मेघनाताई, मी मस्कतला रुवीत ११ वर्षं काढलीत आणि पाहुण्यांना फिरवून फिरवून हे रस्ते पाठ झालेत, म्हणून हक्काने सांगतो, सलालाह काढा. मस्कतपासून ते हजार किलोमीटर आहे, विमानाने गेलात तरी एअरपोर्टवर जाण्यायेण्यात दोन अर्धे दिवस जातात आणि सलालाहचे ते दोन दिवस तुमच्या निझव्याच्या वाट्यातून जातात. ओमान घाईत बघायचा देशच नाही. तिथे बघायचं म्हणजे एखाद्या वाडीत तास दोन तास पाय पाण्यात सोडून बसायचं. (वाडी म्हणजे आपली वाडी नव्हे बरं का, डोंगरातली नदीची दरी, बऱ्याच कोरड्या असतात, काहींत वर्षभर पाणी.)

माझ्या मते पहिल्या दोन रात्री मस्कत, मग सूर एक, वाळवंट एक आणि उरलेल्या तिन्ही रात्री निझव्यात एकाच हॉटेलात. आईंना रोज बॅग भरायला लावू नका. रविवारी सकाळी ग्रँड मशीद करून टाका, मुस्लिमेतरांना सकाळी ८ ते ११ एवढंच सोडतात आणि शुक्रवारी बंद. बायकांना डोक्यावर ओढणी आणि हातपाय झाकलेले लागतात, पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. २००१ साली उघडलेली मशीद आहे आणि तिचा दगड आपल्याकडून, भारतातून गेलाय, बाबांना दाखवा. संध्याकाळी मुत्रा सूक (जुना बाजार) आणि समुद्राकाठचा रस्ता. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचं देऊळ आहे, आईंना तिथे नक्की न्या.

गाडीचं म्हणाल तर साधी सेडान घ्या. मस्कत ते सूर हायवे उत्तम आहे, निझव्यापर्यंतही तसाच. वाळवंटातल्या कॅम्पवाल्यांना सांगितलं की ते अल वासिल किंवा बिदिया गावात येऊन तुम्हाला त्यांच्या गाडीतून आत नेतात, आपली गाडी गावातच ठेवायची. फक्त निझव्याजवळच्या जबल अख्दर डोंगरावर फोर बाय फोर लागतेच, बिरकत अल मौजला पोलीस चौकी आहे, तिथून साधी गाडी वर सोडतच नाहीत, तर त्या एका दिवसापुरती ड्रायव्हरसकट जीप करा. त्या घाटात नवख्याने चालवण्यापेक्षा तेच बरं. जबल शम्सलाही वरचा कच्चा टप्पा आहे. आईंचे गुडघे बघता दोन्हीतलं एकच करा आणि ते अख्दर करा, सायकचं पठार दोन हजार मीटरवर आहे, गावं आहेत, डाळिंबाच्या बागा आहेत. आपल्याकडे नगरकडे जुने शेतकरी मस्कत जातीचं डाळिंब म्हणतात ना, त्या नावाचा मुलूख म्हणून बाबांना गंमत वाटेल. डिसेंबरात झाडं निष्पर्ण दिसतील हे आधीच सांगतो. आणि रात्री थांबलात तर स्वेटर शाल लागतेच.

वाडी शाब सगळे सुचवतील पण आईंना जमणार नाही, होडीने पलीकडे गेल्यावर पाऊण तास दगडगोट्यातून चालायचं आणि शेवटी पोहत गुहेत शिरायचं. त्याऐवजी वाडी बनी खालिद, पार्किंगपासून डोहापर्यंत बांधीव वाट आहे, पाण्यात पाय सोडले की छोटे मासे येऊन टोचायला लागतात, लेक बाहेर यायला तयार होणार नाही.

भटकी_जोडी:

रुवीकरांशी १००% सहमत, आम्ही मागच्या जानेवारीत गेलो होतो. वाळवंटाबद्दल आमचा अनुभव मुद्दाम लिहिते कारण तुमचे मिस्टर शेवटी फोर बाय फोरच घ्यायच्या विचारात असतील तर कामी येईल.

आम्ही पूर्ण आठवड्यासाठी जीप घेतली होती. गाडी देताना एजन्सीवाल्याने हवा मोजायचं मीटर दिलं नाही, पंप दिला नाही, वाळूत जाताना टायरमधली हवा कमी करायची असते हे तर सांगितलंच नाही. आम्ही बिदियातून आत शिरलो, पहिले दोनेक किलोमीटर घट्ट रस्ता होता आणि मग एका चढावर गाडीने मान टाकली. नवऱ्याने अजून जोर लावला तशी चाकं अजून खाली गेली, दार उघडलं तर वाळू फूटबोर्डला टेकलेली. दुपारचे साडेतीन, फोनला रेंज नाही, दोन्ही मुलं मागे चिडीचूप. खरंच घाबरले होते.

वीस मिनिटांनी एक म्हातारे बेदू (वाळवंटातल्या जमातीतले) गृहस्थ पिकअप घेऊन आले. एक शब्द न बोलता खाली बसले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकाने पिन दाबून धरली, सूंऽऽ करून हवा जायला लागली. मधेच थांबून टायरच्या पोटावर तळहात ठेवून दाबून बघायचे, परत हवा सोडायचे. चारही चाकं अशी केली, मग हातानेच चाकांमागची वाळू ओढून काढली आणि नवऱ्याला खुणेने सांगितलं की पुढे नाही, आधी मागे, आपल्याच चाकोरीतून. गाडी पहिल्या फटक्यात निघाली. नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं की ३५ ची हवा त्यांनी अंदाजाने १५-१६ वर आणली होती, टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. पैसे देऊ केले तर हात छातीवर ठेवून नको म्हणाले, उलट घरी नेऊन खजूर आणि कहवा (अरबी कॉफी) दिला. तिथला रिवाज असा की कप पुढे केला की ते भरतच राहतात, बास झालं की कप हलकेच हलवून परत द्यायचा. हे आम्हाला चौथ्या कपानंतर कळलं.

खाण्याची काळजी करू नका. प्रत्येक गावात कॉफी शॉप नावाची केरळी माणसाची टपरी असते, पराठा, चीज, डाळ, करक चहा सगळं मिळतं. लेकीला चिप्स ओमान (तिथले बटाट्याचे चिप्स) घातलेला चीज पराठा द्या. हिंदी जवळपास सगळीकडे चालते. कॅम्पला मात्र बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून लिहा, आम्ही लिहिलं होतं तर भात, डाळ, हम्मूस, भाज्या असं बरंच होतं. आणि घरून लाडू नेणार असाल तर खसखस अजिबात नको, आखाती देशांत ती चालत नाही.

देवगडचा_बंड्या:

सलालाह पूर्ण सोडू नका, पुढे ढकला. जुलै ऑगस्टात जा. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा सलालाहच्या आसपासच्या धोफारच्या डोंगरांना अडतो आणि तीन महिने तिथे धुकं आणि भुरभुर पाऊस, सगळे डोंगर हिरवेगार, उंट गवतात चरताना दिसतात. तिथे त्याला खरीफ म्हणतात, आपला खरीप हंगाम हाच शब्द आहे, अरबीतून आलेला. कोकणातल्या माणसाला हिरवळीचं काय कौतुक असं मला घरचे म्हणाले होते, पण मागे नुसतं वाळवंट बघून आलेल्या डोळ्यांना त्या धुक्याचं जे वाटतं ते वेगळंच. डिसेंबरात हवा छान असते, समुद्र सुंदर असतो, पण डोंगर वाळलेले. लुबानची (धुपासाठी जाळतात त्या सुगंधी डिंकाची) झाडं मात्र कधीही दिसतात, चिरा पाडलेल्या खोडावर पांढरट डिंकाचे थेंब साचलेले.

फक्त खरीफमध्ये गेलात तर सलालाहजवळच्या मुघसैलच्या किनाऱ्यावर कठड्याच्या पलीकडे पाऊलसुद्धा टाकू नका. जुलै २०२२ मध्ये तिथे भारतीय पर्यटकांना लाटेने ओढून नेलं होतं, त्यात लहान मुलं होती. मी समुद्राकाठी वाढलोय, ती लाट दिसते तेवढी लांब नसते.

मेघना_नाशिक:

खूप खूप आभार सगळ्यांचे! नवऱ्याला हा सगळा धागा वाचून दाखवला आणि सलालाह निघालं. सेडान घेतोय, अख्दरला जीप ड्रायव्हरसकट.

आता अजून एक. बाबांनी कुठेतरी वाचलंय की ओमानात फलज नावाचे जुने पाट आहेत आणि तेव्हापासून ते एवढंच विचारतायत. आमचं मूळ गाव बागलाणात मोसम नदीवर. तिकडे फड बागायत होती, बंधारा, पाट, चाऱ्या, आणि कोणाच्या फडाला कधी पाणी हे पाटकरी ठरवायचा, आजोबा पाटावरच्या पाळ्या सांभाळायचे. बाबांना ते फलज नुसतं बघायचं नाहीये, पाणी वाटतात कसं ते बघायचंय. असं काही बघायला मिळतं का हो, आणि आईला चालवेल असं?

रुवीकर:

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. एवढे पाहुणे फिरवले पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मिळतं, नक्की मिळतं. देशात अजून तीनेक हजार फलज चालू आहेत, त्यातले पाच २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. फलज दारिस निझव्याच्या अगदी लगत आहे, बागेतून वाहतं, सपाट जागा, आई तिथे काठावर निवांत बसू शकतील. डोंगराच्या पोटातलं पाणी बोगद्याने उताराउताराने गावात आणतात, पंप नाही, काही नाही. पाण्याचा क्रमही ठरलेला असतो, उगमाजवळ पिण्याचं भरायचं, मग अंघोळी, मग खजुरीच्या बागा आणि त्याच्या खाली बाकीची पिकं.

पण वाटप बघायचं तर मिस्फात अल अब्रियीनला जा. निझव्याहून गाडीने तासाभराच्या आत. डोंगरउतारावरचं मातीच्या घरांचं गाव आहे, पार्किंगपासून खाली पायऱ्या आहेत, आई जमेल तेवढ्या उतरतील, वरूनही बागा दिसतात. मी एकदा तिथे सकाळी सातला गेलो होतो. पाट जेमतेम हातभर रुंद. एक म्हातारे शेतकरी आले, बागेच्या तोंडात चिंध्या गुंडाळलेला दगड होता तो काढून मुख्य पाटात बसवला, कडेने चिखल थापला आणि पाणी गपकन वळून खजुरींच्या बुंध्याकडे निघालं. तोपर्यंत खालच्या बागेतला माणूस येऊन उभाच होता. दोघं बोलले फार नाहीत. पहिल्याची पाळी संपली तसा त्याने स्वतःच दगड काढला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. पूर्वी दिवसा उभ्या काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळ्या मोजायचे, आता बहुतेक ठिकाणी घड्याळ. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला अरीफ म्हणतात, म्हणजे तुमचा पाटकरीच की! काही पाळ्या गावासाठी राखून ठेवतात, त्यांचा लिलाव करून त्या पैशातून पाटाची डागडुजी होते.

शुक्रवारी मात्र आधी निझव्याचा बकऱ्यांचा बाजार करा, सात वाजता पोचा, लोक गोल करून बसतात आणि विकणारे बकऱ्या घेऊन आतून फिरत राहतात, कोणी थांबवून दात बघतो, कोणी पाठीवरून हात फिरवतो. नऊपर्यंत पांगापांग होते. मिस्फातला म्हणून गुरुवारी सकाळी जा आणि अख्दर शुक्रवारी दुपारनंतर. गावात गुडघ्याखालपर्यंत कपडे हवेत, बागांत शिरायचं नाही आणि माणसांचे फोटो विचारून.

भटकी_जोडी:

पावसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. डिसेंबर जानेवारीतही पाऊस येऊ शकतो, आणि डोंगरात पडलेला पाऊस खाली ऊन असताना वाडीत पूर घेऊन येतो. एप्रिल २०२४ मध्ये तिकडे पुरात शाळकरी मुलं वाहून गेली. रस्त्यावर वाडी ओलांडताना कडेला लाल पांढरे खांब असतात, पाणी लाल रंगाला टेकलं असेल तर गाडी घालायची नाही, दोन तास थांबायची तयारी ठेवा. गाडीत पाणी आणि खायला ठेवाच. मिस्टरांना सांगा, उजव्या बाजूची सवय पहिल्या दिवसात होते, गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं एवढं डोक्यात पक्कं ठेवायचं. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून आत्ताच काढून घ्या. १२० च्या वर जाऊ नका, कॅमेरे जागोजागी आहेत.

मेघना_नाशिक:

रुवीकर, तुमचा फलजवाला भाग बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. दगड दुसऱ्याच्या हातात दिला तिथे त्यांनी परत वाच म्हणून सांगितलं. मग म्हणाले, आमच्याकडे फळी असायची, दगड नाही. गुरुवारची सकाळ मिस्फातसाठी ठेवलीये, आई वर बसेल, लेक आणि बाबा खाली जातील. निझव्यातलं बुकिंग आज करतेय, तीन रात्री.