दहावीचं ‘अर्थनियोजन’ आणि जांभया. कुणी शिक्षक मिळून काही करतं का?

सातपूरची बाई
नाशकात सातपूरकडे दहावीला गणित शिकवते, हे अकरावं वर्ष. भाग एकमधलं ‘अर्थनियोजन’ आलं की पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत जांभया. म्हणून गेल्या आठवड्यात म्हटलं, घरून बिलं आणा. आली सदतीस. निम्म्या कच्च्या चिठ्ठ्या, एक तर चक्क लाइटबिल. वर एका मुलीने सुनावलं, “बाई, पुस्तकातले जीएसटीचे १२ नि २८ टक्के सप्टेंबर २०२५ मध्येच बहुतेक वस्तूंवरून गेले.” मग मीच बोलत राहिले, नेहमीसारखी.

शेवटी फळ्यावर लिहिलं: मिक्सरचं भांडं, १८ टक्के कर धरून ५९० रुपये, मूळ किंमत काढा. सगळ्यांनी ५९० मधून १८ टक्के वजा केले आणि ४८३.८० वर खूश. मागून एकजण म्हणाला, “चूक. ५००. पप्पा दुकानात १.१८ ने भागतात.” त्यावर जी भांडणं लागली! ४८३.८० वर १८ टक्के चढवून बघितले, ५९० काही येईनात, तेव्हा कुठे पटलं. घंटा झाली तरी कुणी उठेना.

तर असंच काहीतरी हवंय, ज्यात पहिलं उत्तर हमखास चुकतं. आणि दुसऱ्या विषयांचे शिक्षक तुम्हाला साथ देतात का? आमच्या स्टाफरूममध्ये उत्तर ठरलेलं: “तुमचा विषय तुम्ही बघा.”

निफाडचा मास्तर
आमच्याकडं कांद्यावाचून काय चालतंय! मी नि भूगोलाचे सर दोघं मिळून घेतो. सर कांदा साठवायची चाळ समजावतात, हवा का खेळती ठेवायची, कांदा का सडतो, कोंब का येतात. मग मी भाव देतो, मनाचेच. एप्रिलात १०० क्विंटल उन्हाळ कांदा, १५०० रुपये क्विंटल. सप्टेंबरात भाव २१००. विकायचा का भरायचा? अख्खा वर्ग ओरडतो, “भरायचा!” मग सांगायचं, चाळीत ३० टक्के घट आली. ७० क्विंटल गुणिले २१०० म्हणजे १,४७,०००. एप्रिलात दीड लाख मिळत होते. बरोबरीला किमान किती भाव पाहिजे, ते पोरं स्वतःच काढतात: २१४३ च्या आसपास. चाळीचा खर्च नि मजुरी अजून धरलेलीच नाही. एका पोराने घरी जाऊन आजोबांना हिशोब दाखवला. आजोबा म्हणाले, हे आम्हाला बी माहितीये, पण एप्रिलात पैसा कुणाला नको असतो? त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रिटायर्ड खडू
मी देवळालीचा. आमच्या गावात द. रा. कापरेकर मास्तर होते, तेव्हा त्यांनी शोधलेल्या ६१७४ शिवाय मी काय सांगणार! व्यवहाराचं गणित नाही हे, पण वर्ग जागा होतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, परत परत. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४. चुकवून दाखवा म्हणून पैज लावा. कुणीतरी १११२ घेऊन येतंच. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, पुन्हा ९९९ वजा ९९९, शून्य, “जिंकलो सर!” पुढचा शून्य खाल्लास बाळा, ०९९९ लिही. मग पाचव्या फेरीत गपगुमान ६१७४.

मैदानवाला
पीटीच्या सरांना गणितात कुणी विचारत नाही, म्हणून स्वतःच सांगतो. ४५ चा गुण्या घ्या, उभ्या कडेला दोऱ्याने नट लटकवा म्हणजे तो सरळ धरला जातो. तिरक्या कडेवरून झेंड्याच्या खांबाचं टोक दिसेपर्यंत मागे सरकायचं. मग खांबापर्यंतचं अंतर मोजायचं, त्यात डोळ्याची उंची मिळवायची, झाली खांबाची उंची. टेप माझी. मागच्या वर्षी एका गटाची उंची आली ९.४ मीटर, दुसऱ्याची १०.९. दोघंही हटायला तयार नाहीत. पहिल्या गटाने डोळ्याची उंची धरलीच नव्हती.

सातपूरची बाई
मैदानवाले सर, नट कुठल्या मापाचा? हलका घेतला तर वाऱ्याने हलेल. आणि मास्तर, कांद्याचा तास आधी आमच्या भूगोलाच्या बाईंना वाचून दाखवला. त्यांचं माहेर कांद्याच्या पिंपळगावचं निघालं. म्हणाल्या, “३० टक्के कमीच धरलेत,” आणि बुधवारचा आपला ऑफ तास मला देऊन टाकला.