मदत हवी आहे: आजोबांच्या सागवानी आरामखुर्चीचा ऑइल पेंट कसा काढू?

नमस्कार मंडळी. गुहागरच्या घरातून आजोबांची आरामखुर्ची पुण्याला आणली आहे. हातांखालच्या लांब फळ्या बाहेर फिरवून त्यांवर पाय टाकायचे, तसली. जेवण झालं की आजोबा ओटीवर तिच्यातच पडायचे. मधल्या काळात कोणीतरी तिला चॉकलेटी ऑइल पेंट फासला. फक्त उजव्या हाताच्या टोकाशी, त्यांचा तळवा टेकायचा तिथे, रंग झिजून सागाच्या रेषा दिसतात. ती जागा मला जशीच्या तशी ठेवायची आहे.

सुतार म्हणतात मशीनने घासून मेलामाइनचं (आधुनिक रासायनिक) पॉलिश मारू. मन धजत नाही. बैठकीच्या खालच्या बाजूला रंग नाही, तिथे स्पिरिटचा बोळा फिरवला तर तपकिरी चिकट थर सुटला, म्हणजे मूळ पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या चपडा लाखेचंच असणार. तेच परत करायचं आहे.

रंग काढायला रिमूव्हर बरा की हीट गन? जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायची भीती वाटते, घरात लहान मूल आहे. मागच्या एका पायाला बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. सिरिंजने किडीचं औषध भरून भागेल, की पायच बदलावा लागेल?

आणि खुर्चीची वेताची जाळी हाताने विणणारे कारागीर पुण्यात कुठे भेटतील? बुरूड आळीत चौकशी करू का? कोणी स्वतः असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.