कार्ल्सरूहच्या कोर्टाला ‘घटनापीठ’ म्हणायचं का? आणि ‘सेनाट’ला काय?

शेवंती:
मंडळी, एका शब्दापायी तीन दिवस काम अडलंय. जर्मनीच्या न्यायव्यवस्थेवर मराठीत एक पुस्तिका करतेय. त्यात कार्ल्सरूहच्या बुंडेसफरफासुंग्सगेरिष्टवर मोठं प्रकरण आहे, मी त्याला ‘संघीय घटना न्यायालय’ म्हटलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी सगळीकडे लाल पेनाने खोडून ‘घटनापीठ’ केलं, म्हणाले पेपरात हाच शब्द येतो, वाचकाला हाच कळतो. मला अजिबात पटलेलं नाही. आपलं घटनापीठ सुप्रीम कोर्टाच्या आतच बसतं, एखाद्या प्रकरणापुरतं, आणि निकाल दिला की मोडतं. कार्ल्सरूहचं कोर्ट १९५१ पासून कायमचं आणि वेगळं आहे. खून, जमीनजुमला, भाडेकरू यांची नेहमीची अपिलं तिथे जातच नाहीत, त्यासाठी त्याच गावात दुसरं सर्वोच्च न्यायालय आहे. इथे फक्त घटनेचा प्रश्न.
दुसरा गुंता, आत १६ न्यायाधीश आणि आठ-आठ जणांचे दोन ‘सेनाट’. सिनेट लिहिलं तर आपला माणूस थेट विद्यापीठाच्या निवडणुकीत जाणार. मग खंडपीठ लिहू का?

काळा_कोट:
घटनापीठ नकोच, तुमचं बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम १४५(३) प्रमाणे घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असला की किमान पाच न्यायमूर्ती बसतात ते घटनापीठ. केशवानंद भारती खटल्याला १३ बसले होते, २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला आणि संपलं ते पीठ. ती बसण्याची रचना आहे, संस्था नाही. पण खंडपीठही लिहू नका हो ताई. एक न्यायमूर्ती बसले की एकलपीठ, दोन बसले की खंडपीठ, त्याहून जास्त असले की पूर्णपीठ. आठ जणांचं खंडपीठ कोर्टात कोणी ऐकलेलं नाही.

आबा_सातारकर:
मला मुळात ‘घटना’च खटकते. रस्त्यात अपघात झाला तीपण घटना, घरात काही वाईट झालं तरी ‘दुर्दैवी घटना’, आणि देश ज्याच्यावर चालतो तीपण घटना? ‘भारताचे संविधान’ असं पुस्तकावर स्वच्छ छापलंय. संविधान न्यायालय म्हणा, प्रश्न मिटला.

जुना_मुद्रितशोधक:
आबा, मिटत नाही, वाढतो. घटना हा मराठीत रुळलेला आणि नेमका शब्द आहे. मूळ धातू घट्, जोडणे, जुळवून आणणे. घडण, घडवणे त्याच घरातले. राज्यघटना म्हणजे राज्याची घडण, यात अपघाताचा संबंधच नाही. आणि संविधान घेतलंत की विशेषण लागणार, तिथे गाडी घसरते. नियमाने सांविधानिक, टीव्हीवाले म्हणतात संवैधानिक, आणि शेजारी सांविधिक उभा आहे ज्याचा अर्थच वेगळा, म्हणजे कायद्याने स्थापन केलेलं. मी एका अहवालाची प्रुफं वाचत होतो, एका महामंडळाला सगळीकडे ‘सांविधानिक संस्था’ केलेलं, हवं होतं सांविधिक. एक ‘न’ जास्त आणि ‘ध’ला काना, एवढाच फरक, पण महामंडळ थेट राज्यघटनेतून जन्माला आलं. छपाई निम्मी झाली होती, थांबवावी लागली. ‘घटनात्मक’ला असला धोका नाही.

आबा_सातारकर:
चूक प्रुफांची होती, शब्दाची नाही. आमच्या गावात शाळेतली पोरं प्रास्ताविका पाठ म्हणतात, ‘हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून’. त्यांना राज्यघटना शब्द नंतर कळतो. लोकांच्या तोंडी जो आहे तोच खरा.

मानहाइमकर:
इथे राहतो म्हणून थोडं. जर्मनीतसुद्धा गंमत अशी की १९४९ च्या राज्यघटनेचं नाव ‘फरफासुंग’ (म्हणजे घटना) नाहीच, ते ग्रुंडगेझेट्स, म्हणजे पायाभूत कायदा. पण कोर्टाच्या नावात मात्र फरफासुंग. आणि हा शब्द तब्येतीलाही चालतो. माझ्या सासऱ्यांचं इथे ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते ‘गूटर फरफासुंग’मध्ये आहेत, प्रकृती उत्तम आहे. मी क्षणभर चमकलोच. जुना_मुद्रितशोधक काकांची ‘घडण’ यालाच जाऊन मिळते, आपणही शरीराची घडण म्हणतोच की. म्हणून माझं मत घटना न्यायालय.
शेवंतीताई, रचनेबद्दल एक महत्त्वाचं. निम्मे न्यायाधीश बुंडेस्टाग (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) निवडतं, निम्मे बुंडेसराट (राज्यांचं सभागृह), दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे एका पक्षाला सहसा एकट्याने आपली माणसं बसवता येत नाहीत. मुदत १२ वर्षं, पुन्हा निवड नाही, ६८ ला निवृत्ती. आणि प्रत्येक सेनाट म्हणजे पूर्ण कोर्टच, एकाच्या निकालावर दुसऱ्याकडे अपील नाही. एकाला दुसऱ्याच्या कायदेशीर मतापासून बाजूला जायचं असलं तरच सोळाही जण एकत्र बसतात. ‘खंड’ शब्दाने तुकडा वाटतो, तसं ते नाही. त्यात तीन-तीन जणांचे ‘कामर’ वेगळेच, नागरिकांच्या बहुतेक तक्रारी तिथेच निकाली निघतात. ती तक्रार कोणीही साध्या पत्राने करू शकतो, सहसा फी नाही, फक्त आधीची कोर्टं संपवून यावं लागतं.

शेवंती:
वा, हे फार कामाचं. मग फरफासुंग्सबेश्वेर्डं, म्हणजे नागरिकांची ही तक्रार, तिला ‘घटनात्मक तक्रार’ म्हणू की ‘याचिका’? आणि सेनाट?

वऱ्हाडी_बाई:
याचिकाच लिहा. पण काळा_कोट, तुमचं खंडपीठ मला मान्य नाही. आम्ही नागपूरचे, आमच्यासाठी खंडपीठ म्हणजे जागा. मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ, औरंगाबाद खंडपीठ, गोवा खंडपीठ. तिथे एकटे न्यायमूर्ती बसले तरी बातमीत ‘नागपूर खंडपीठाने’ असंच येतं. दोनचा हिशेब कुठून आणला?

काळा_कोट:
डिव्हिजन बेंचचं ते भाषांतर आहे ताई. जागेसाठी तोच शब्द वापरून पेपरवाल्यांनी घोळ केलाय. ‘नागपूर खंडपीठाच्या खंडपीठाने’ असं वाक्य मी स्वतः वाचलंय.

वऱ्हाडी_बाई:
लोक साठ वर्षं बोलताहेत तो घोळ कसा?

आबा_सातारकर:
आणि कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं त्याला काय म्हणणार? आम्ही साताऱ्याचे आता तिकडेच. इतकी वर्षं भावकीच्या जमिनीच्या केससाठी आदल्या रात्रीच्या एसटीने मुंबई गाठायचो, फाईल मांडीवर घेऊन. आता सकाळी जेवून निघतो. लोक खंडपीठ म्हणतात, बोर्डावर सर्किट बेंच.

काळा_कोट:
तांत्रिकदृष्ट्या ते खंडपीठ नाहीच अजून. फिरतं पीठ म्हणा.

आबा_सातारकर:
चाळीस वर्षं मागणी केली ती खंडपीठाची, आणि मिळालं तेव्हा फिरतं पीठ म्हणायचं?

जुना_मुद्रितशोधक:
‘परिक्रमा पीठ’ कसं वाटतं?

आबा_सातारकर:
नको हो काका. ते देवळातलं वाटतं.

शेवंती:
मी सध्या ‘पहिलं पीठ’ आणि ‘दुसरं पीठ’ लिहून पाठवतेय, उद्या शेवटची तारीख आहे. कामरचं कोणी सांगेल का? ‘दालन’ लिहिलं तर खोली वाटते.

वऱ्हाडी_बाई:
सांगते, पण आधी काळा_कोट यांनी सांगावं, गोव्याच्या खंडपीठाला काय म्हणतात मग?