माउजर ९८ ला नळीच्या टोकापर्यंत लाकडी दस्ता: टोकाशी नळी टेकवायची की मोकळी सोडायची?

रानवाट (पेनसिल्व्हेनिया)

माउजर ९८ रायफलीची ॲक्शन (बोल्ट बसतो तो पोलादी भाग) आहे, ७×५७ काडतुसाची बारीक, २० इंची नळी आहे. नळी बसवून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बैठकीतलं अंतर) तपासण्याचं काम गनस्मिथकडून झालेलं आहे. उरलाय तो दस्ता. तो ऑस्ट्रियन श्टुत्झन या आखूड शिकारी रायफलीसारखा पुढे टोकापर्यंत हवा, शेवटी पोलादी टोपी. तीन शंका: ब्लँक (दस्ता कोरायचा कच्चा लाकडी ठोकळा) किती लांब घ्यावा? बेडिंग (ॲक्शन घट्ट बसावी म्हणून लाकडात भरायचा इपॉक्सीचा थर) कुठे भरावं आणि कुठे नको? आणि टोपीपाशी नळी लाकडाला टेकलेली असावी की मोकळी? यावर दोन ठिकाणी दोन उलट मतं वाचली.

ताशीव (ओरेगन)

बाजारात मिळणारे अक्रोडाचे बहुतेक ब्लँक ३४-३६ इंची असतात, ते अर्ध्या दस्त्यासाठी. तुमच्या रायफलीत चापापासून नळीच्या टोकापर्यंत २६-२७ इंच आणि मागे खांद्यापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा. म्हणजे तयार दस्ताच ४० इंचांच्या घरात जातो. ४२ च्या खाली घेऊ नका. विक्रेत्याला फुल स्टॉकसाठी हवा असं आधीच सांगा. जाडी अडीच इंच.

मागच्या भागात नक्षी कितीही असो, मनगटापासून (दस्त्याची हाताने धरायची बारीक जागा) पुढे लाकडाची रेषा सरळ आणि नळीला समांतर हवी. इथे तडजोड नाही. काळं अक्रोड ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने ७.८ टक्के आकसतं, त्रिज्येच्या दिशेने ५.५ टक्के. हीटरच्या घरात ६ टक्क्यांवर असलेलं लाकूड दमट उन्हाळ्यात १२ वर गेलं, तर ३८ मि.मी. रुंदीत अर्ध्या मि.मी.हून जास्त फरक पडतो. नुसत्या फुगण्याने फारसं बिघडत नाही. पण रेषा तिरकी असेल तर पुढचा लांब दांडा वाकतो आणि नळीला एका अंगाने रेटतो. ऑगस्टमध्ये झीरो केलेली (नेम जुळवलेली) रायफल नोव्हेंबरात भलतीकडे मारते ती यामुळे, आणि लोक दुर्बिणीच्या माउंटला दोष देत बसतात.

खोदकामाचा क्रम: आधी ट्रिगर गार्ड आणि मॅगझिन बॉक्स खालून बसवा, मग गाइड स्क्रू (सरळ उतरवण्यासाठीचे तात्पुरते लांब स्क्रू) लावून ॲक्शन वरून उतरवा. लाकूड कुठे टेकतं ते दिसावं म्हणून पोलादाला काजळी किंवा प्रशियन निळा अगदी पातळ लावायचा. जाड थर सगळीकडे डाग पाडतो आणि नको तिथलं लाकूड जातं. शेवटचा अर्धा मि.मी. पटाशीने नव्हे, स्क्रेपरने.

ॲक्शनच्या शेपटीमागे (मागच्या निमुळत्या टोकामागे) ०.५ ते ०.८ मि.मी. फट ठेवा. हा नियम मोडलेले दस्ते ओळखू येतात: शेपटीमागून मनगटाकडे केसासारखी चीर गेलेली असते. धक्का रिकॉइल लगने (ॲक्शनखाली पुढे असलेल्या पोलादी ठोकळ्याने) घ्यायचा, शेपटीने नाही. मॅगझिन बॉक्सलाही वर-खाली थोडी मोकळीक हवी. तो दोन्हीकडून दाबला गेला तर स्क्रू घट्ट लागतात, पण ॲक्शन लाकडावर नव्हे, बॉक्सवर बसलेली असते.

खोलकाम (टेक्सास)

लाकडाबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता बेडिंग.

इपॉक्सी लगच्या मागे, पुढच्या रिंगखाली (नळी जिथे ॲक्शनमध्ये बसते तो भाग), शेपटीखाली आणि नळीच्या पहिल्या दीड-दोन इंचांत. बाकी नाल (नळीसाठी लाकडात कोरलेली खाच) मोकळी. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर टेपचे एक-दोन थर (सुमारे पाव मि.मी.) लावा, मागचा पृष्ठभाग मात्र उघडाच. ती टेप विसरलात तर ॲक्शन पुढे दस्त्यातून सुटता सुटत नाही. सगळ्या भोकांत, खाचांत मॉडेलिंग क्ले दाबून भरा, कारण पोलादावर लावलेला मेणाचा लेप चिकटणं थांबवतो, अडकणं थांबवत नाही. भरताना स्क्रू नुसते टेकवा. घट्ट आवळले तर ॲक्शन वाकलेल्या स्थितीत गोठते.

माउजरच्या मागच्या गार्ड स्क्रूभोवती मूळची पोलादी नळकांडी असते, ती टाकू नका. ती नसेल तर स्क्रू लाकूड चिरडत राहतो. तयार झाल्यावर पुढचा स्क्रू ४० इंच-पौंड, मागचा २५-३०.

टोपीबद्दल माझं मत: नळीला टोपीचा स्पर्श नको, चारही बाजूंनी किमान अर्धा मि.मी. फट हवी. टोपी लाकडालाच स्क्रूने धरलेली असावी, नळीला नाही. २० इंची नळी ६० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ०.३५ मि.मी. लांब होते. टोपीने ती अडवली तर तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून गट (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) वर सरकू लागतो.

पुढच्या पट्ट्याची कडी नळीभोवती कडं घालून बसवू नका. पट्टा हाताला गुंडाळून ताणला की लाकूड आणि नळी एकत्र ओढली जातात. कडीचा स्क्रू लाकडातून, आणि त्याची नट नालेच्या तळाखाली बुडवलेली.

ताशीव

टोपीवर थोडा मतभेद. नळी फारच बारीक असेल तर टोकाशी ५-६ पौंडांचा वरचा दाब तिची थरथर आवरतो. जुन्या युरोपियन रायफलींत हे मुद्दाम केलेलं दिसतं. मात्र दमट हवेत तो दाब बदलतो, म्हणून आधी मोकळीच ठेवा. गट उभा पसरला तर टोकाखाली व्हिजिटिंग कार्डाच्या पट्ट्या घालून पाहा, एकेक वाढवत. सुधारला तरच तिथे इपॉक्सीची छोटी गादी. कार्डाने फरक पडला नाही तर गादीनेही पडणार नाही.

खोलकाम

हे मान्य. अजून एक चाचणी: डायल इंडिकेटर नळीला बांधून त्याचं टोक लाकडी दांड्यावर टेकवा, आणि पुढचा गार्ड स्क्रू सोडा-आवळा. काटा ०.०५ मि.मी.हून जास्त हलला तर बेडिंगमध्ये ताण आहे. गोळ्या वाया घालवण्याआधी हे करा.

सातारी

माहितीपूर्ण धागा. भारतात असा दस्ता बदलून घेता येईल का?

ताशीव

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीची निर्मितीच नव्हे, दुरुस्ती आणि फेरफारही परवानाधारकानेच करायचे. म्हणून घरी नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचं कारणही राहिलेलं नाही. इथे अमेरिकेतही पूर्वपरवानगीशिवाय रायफलीची नळी १६ इंचांखाली कापायची नाही. मूळ १९०३ च्या मानलिशर-शोनाउअरची ४५० मि.मी. होती. दांडा जितका आखूड तितका कमी वाकतो, तेव्हा २० च्या पुढे या प्रकारात जाऊच नये.

रानवाट

आभार. मग नळी मोकळी, टोपी लाकडाला. फिनिशला उकळलेलं जवस तेल चालेल?

खोलकाम

दिसायला छान, ओलावा अडवायला कमकुवत. आतल्या भागाला, म्हणजे नाल, मॅगझिनचा खळगा, बट प्लेटमागचा भाग आणि टोपीखालचं टोक, पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे तीन हात द्या. तंतूंचं तोंड उघडं असलेल्या ठिकाणीच लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, आणि नेमकं तिथेच लोक हात फिरवायचा विसरतात. बाहेरून तेल लावा: ओल्या फडक्याने तंतू उभे करून २२०, मग ३२०, शेवटी ४०० चा पॉलिश पेपर. आणि जवस तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.