दसऱ्यापासूनची खरेदी: भरवशाची की हप्त्याची?

गल्ल्यावरून_कऱ्हाड
22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, जीएसटी उतरला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर, छोट्या गाड्या 28 वरून 18 वर. तेव्हापासून जो तो म्हणतोय, बाजार उठला, लोकांचा विश्वास परत आला. मी 19 वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसतोय. मला हे पटत नाही.

महिन्याची यादी आणणारी घरं आता आठवड्यापुरतं नेतात. तेलाचा पाच लिटरचा डबा नेणारे लिटरची पिशवी मागतात. त्याच घरांपुढे नवी मोटारसायकल उभी असते. गाडी हप्त्यावर, किराणा उधारीवर. पूर्वी दहा तारखेपर्यंत निम्मी उधारी तरी फिटायची. आता पगार झाला की आधी हप्ता कापला जातो, आणि माझ्यापुढे माणूस मान खाली घालून ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणतो. उद्याचा भरवसा असलेलं घर महिन्याचं सामान भरतं, एवढं मला कळतं.

हिशेबनीस_पुणे
दादा, तुमच्या वहीवर माझी शंका नाही. पण एका वहीवरून बाजार जोखता येत नाही. केंद्राचं घरखर्चाचं सर्वेक्षण बघा. खेड्यात माणशी महिन्याचा खर्च 2011-12 ला 1,430 रुपये होता, 2023-24 ला 4,122. शहरात 2,630 चे 6,996 झाले. महागाई वजा केली तरी वाढ उरतेच. खेड्यात खाण्यापिण्याचा वाटा 53 टक्क्यांच्या आसपास होता, तो 47 वर आलाय. पोटाला घालून हातात काही उरतंय, त्यातूनच ती मोटारसायकल आली.

आणि तुमचं महिन्याचं गिऱ्हाईक सुपरमार्केटात जात नसेल कशावरून? माझी आईसुद्धा आता डाळ-तांदूळ तिथूनच आणते.

सोयाबीन_लातूर
हिशेबनीस साहेब, 53 चे 47 झाले ते बारा वर्षांत. 2022-23 ला तो वाटा 46.4 होता, म्हणजे वर्षभरात थोडा वरच गेला. आमच्याकडे सप्टेंबरच्या पावसानं रानात पाणी साचलं. जे सोयाबीन हाती आलं ते हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असताना त्याखाली विकलं. सोनं तोळ्याला लाखावर गेल्याचा आनंद आमच्या घरात एवढाच, की बायकोच्या त्याच पाटल्यांवर बँकेनं जास्त कर्ज दिलं.

गल्ल्यावरून_कऱ्हाड
सुपरमार्केटचं मान्य. काही घरं तिकडे गेलीत, पण उधारी मागणारी नाही गेली. तिथे वही चालत नाही.

आकडेच हवेत तर रिझर्व्ह बँकेचं शहरी ग्राहकांचं विश्वास सर्वेक्षण घ्या. 100 च्या वर आशा, खाली निराशा. आजच्या परिस्थितीचा निर्देशांक मे 2021 ला 48.5 पर्यंत कोसळला होता. तिथून सावरला, पण 2019 च्या मध्यापासून नोव्हेंबर 2025 पर्यंत एकदाही 100 वर गेला नाही. आणि हप्त्याची धास्ती मला एकट्याला नाही. विनातारण ग्राहककर्जं फार वाढली म्हणून रिझर्व्ह बँकेनंच नोव्हेंबर 2023 मध्ये बँकांना त्यांच्यासाठी जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं.

हिशेबनीस_पुणे
त्याच सर्वेक्षणात पुढच्या वर्षाबद्दलचा निर्देशांकही असतो. जुलै 2025 ला तो 120 च्या वर होता. पुढे पगार येत राहील असं वाटल्याशिवाय माणूस दोन वर्षांच्या हप्त्यावर सही करत नाही. मी त्यालाच भरवसा म्हणतो आणि त्यावर ठाम आहे.

फक्त मी जे बोललो ते पगारदाराचं होतं. लातूरच्या भाऊंना पगार नाही, त्यांच्या पाटल्यांना माझ्या हिशेबात जागा नव्हती. भाऊ, त्या सोडवायच्या कधी ठरल्यात?

सोयाबीन_लातूर
हरभरा निघाल्यावर.