व्हेप निरुपद्रवी वाटतो म्हणून ओढतात, की ओढतात म्हणून निरुपद्रवी वाटतो?

आर्णीकर मास्तर : व्हेप, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ ओढायची ई-सिगारेट, ओढणाऱ्यांना तो निरुपद्रवी वाटतो, तेव्हा हा गैरसमज दूर केला की सवय आपोआप सुटेल, असे काल येथे कोणीतरी ठासून लिहिले. आमच्या शाळेत एका मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखे यंत्र सापडले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे.’ हे ज्ञान त्याला आधी झाले की चटक लागल्यावर? एकदाच प्रश्नावली भरून घेतल्याने ते कळत नाही. माझ्या मते चटक आधी, समर्थन नंतर.

वणीचा कास्तकार : मास्तर, अमेरिकेत न ओढणाऱ्या तरुणांची मते आधी नोंदवून त्यांनाच पुढे पुन्हा विचारले गेले आहे, ज्यांना धोका कमी वाटत होता, ते पुढे व्हेपकडे अधिक वळले. शिवाय सिगारेटपेक्षा ‘कमी घातक’ हा गैरसमज कसा? काही जळतच नाही, तर सिगारेटच्या धुरातले डांबर येणार कुठून? २०१५ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले होते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या आजाराची साथ आली, तिचा मुख्य दोष गांजाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाकडे गेला, पण लोकांनी धास्ती घेतली ती सरसकट सगळ्याच व्हेपची. माझी बिडी व्हेपवरच सुटली, हे विसरू नका.

सेलूची परिचारिका : ते ९५ टक्के हा तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हे. बिडी सुटली, पण निकोटिन सुटले का? बिडीवाल्याला जे ‘कमी घातक’, ते कधीच न ओढलेल्या पोराला नवे व्यसन असते. आणि व्हेपचे एवढे काय घेऊन बसलात? पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू नि चुन्याचे मिश्रण, खाऊन ज्यांच्या तोंडात दोन बोटे जात नाहीत, असे रुग्ण मी रोज पाहते, आणि तेही सांगतात, ‘सिस्टर, हा गुटखा नाही, ताजा घोटलेला आहे.’

वणीचा कास्तकार : झाले, आला खर्रा! माझ्या भाच्याचा संसार त्याच ठेल्यावर चालतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मात्र मिळतातच. आधी तिकडे बघा.

सेलूची परिचारिका : भाच्याचा संसार मोडावा असे मी म्हटलेले नाही. त्याचे गिऱ्हाईक जबडा उघडेनासा झाल्यावर कोणाकडे येते, एवढेच सांगते.

आर्णीकर मास्तर : भांडण खर्र्यावर गेले, तरी सिस्टरांचा रुग्ण माझेच म्हणणे सांगतो : खाणाऱ्याला आपला माल नेहमी दुसऱ्याच्या मालापेक्षा बरा दिसतो. कास्तकारसाहेबांच्या अमेरिकी पाहण्या मान्य; समज आधी असू शकतो, आणि चटक त्याला पक्का करते. पण आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूकही बंद आहे. मग तुमच्या व्हेपच्या द्रवाच्या बाटलीत निकोटिन किती, हे तुम्हाला कोणी सांगितले?

वणीचा कास्तकार : लेबलवर लिहिलेले असते.

सेलूची परिचारिका : चोरून आलेल्या मालाच्या लेबलवर?